सुवर्णकार बेनव्हेनुतो चेल्लिनी

सोने मानवाच्या हाती प्रथम केव्हा आले हे सांगणे कठीण आहे. परंतु एकदा हाती आल्यावर त्याने ते पुन्हा कधी सोडले नाही, एवढे मात्र निश्चित. नदीच्या वाळूत चमकणारा तो पिवळा कण हवेने काळवंडत नाही, पाण्याने गंजत नाही, मातीत पुरला तरी झिजत नाही. एका ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटरांहून अधिक लांब तार ओढता येते. वर्ख इतका पातळ ठोकता येतो की त्यातून हिरवट उजेड पलीकडे दिसावा. म्हणून मानवाने सोन्याचे अलंकार केले, नाणी पाडली, देवालयांचे कळस मढविले, भस्म करून औषधात घातले, पडलेल्या दातांच्या जागी बसविले. आज तर अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर आणि संगणकाच्या नाजूक जोडांवरही सोन्याचाच मुलामा असतो. इजिप्तचा राजा तुतानखामेन याचा सुवर्णमुखवटा तीन हजार वर्षांहून अधिक काळ अंधारात पडून होता. १९२२ साली ते थडगे सापडले आणि पुढे तो मुखवटा बाहेर आला, तेव्हा त्याच्या तेजात काही उणे नव्हते.

परंतु यात एक मोठी विसंगती दडलेली आहे. सोने अमर आहे, आणि सोनाराचे काम मात्र सर्व कारागिरांच्या कामांत अल्पायुषी आहे. पाथरवटाची मूर्ती भंगली तरी तिचा दगड कोणी वितळवीत नाही. सोनाराचा उत्तम डाग मात्र गरज पडताच मुशीत जातो. ज्या धातूमुळे आमच्या व्यवसायास मान मिळाला, त्याच धातूच्या मोलामुळे आमच्या पूर्वजांची कलाकृती नाहीशी होत आली. आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून संत नरहरी सोनार, नाना शंकरशेट यांची चरित्रे आपण आदराने वाचतो. या वेळी आम्ही वाचकांस जरा दूरदेशी नेऊ इच्छितो. ज्याच्या आयुष्यात सोन्याची ही दोन्ही रूपे एकत्र आली, त्या बेनव्हेनुतो चेल्लिनी या इटालियन सुवर्णकाराचे हे चरित्र आहे.

बालपण व उमेदवारी

इटलीतील फ्लॉरेन्स हे नगर त्या काळी कलावंतांची पंढरीच होते. तेथे सोनाराचे दुकान म्हणजे केवळ दागिन्यांचे दुकान नसे. ती चित्र, शिल्प व रेखाटन शिकण्याची शाळा असे. तेथील मुख्य मंदिराचा विख्यात घुमट उभारणारा ब्रुनेल्लेस्की आणि बाप्तिस्मागृहाची कांस्यद्वारे घडविणारा गिबेर्ती हे दोघेही मूळचे सोनारकाम शिकलेले होते. अशा नगरात ३ नोव्हेंबर १५०० रोजी बेनव्हेनुतोचा जन्म झाला. या नावाचा अर्थ सुस्वागत असा आहे.

त्याचा पिता जोव्हान्नी वाद्ये घडवी आणि वाजवी. पुत्राने बासरीवादक व्हावे अशी त्याची फार इच्छा होती, आणि पुत्राला तर त्या बासरीचा मनस्वी कंटाळा. अखेर पंधराव्या वर्षी पित्याचे मन मोडून तो एका सोनाराच्या हाताखाली उमेदवारीस राहिला. पित्यावर त्याचे प्रेम होते, म्हणून अधूनमधून तो बासरी वाजवून दाखवी. परंतु हातोडी हाती घेतल्यावर त्याला तहानभूक राहत नसे.

मात्र या मुलाच्या अंगी कौशल्य होते तितकाच संतापही होता. सोळाव्या वर्षी एका मारामारीपायी त्यास नगराबाहेर घालविण्यात आले. सिएना, बोलोन्या, पिसा अशा गावी तो फिरला. परंतु जेथे जाई तेथे सोनाराच्या शेगडीपाशीच बसे. एकोणिसाव्या वर्षी तो रोमला गेला. पुढे फ्लॉरेन्समधील आणखी एका भांडणात त्यास शिक्षा झाली, तेव्हा बैराग्याचा वेष घेऊन तो पुन्हा रोमला पळाला. तेथे त्याचा हात लवकरच मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडला, आणि स्वतः पोप सातवा क्लेमेंट याच्यापर्यंत त्याचे नाव पोहोचले.

किल्ल्यातील मूस

६ मे १५२७ हा दिवस रोमच्या इतिहासात काळा मानला जातो. सम्राट पाचवा चार्ल्स याचे, पगार थकल्याने बेफाम झालेले सैन्य शहरात शिरले व त्याने लूट आणि कत्तल आरंभिली. पोप आपल्या मंडळींसह सांत अँजेलोच्या किल्ल्यात आश्रयास गेला. चेल्लिनीही तेथेच होता. त्याच्याकडे काही तोफा सोपविण्यात आल्या. त्याने त्या मोठ्या शौर्याने चालविल्या असे तो स्वतः सांगतो. आपले पराक्रम वाढवून सांगण्याची त्यास खोड होती हे ध्यानात ठेवूनच ते ऐकावयास हवे.

परंतु आमच्या दृष्टीने त्याचे किल्ल्यातील खरे काम निराळे आहे. वेढा लांबला तेव्हा पोपने त्यास गुप्तपणे बोलाविले. पोपचे मुकुट व धर्मपीठाचे रत्नजडित अलंकार त्याच्यापुढे मांडण्यात आले. त्यांतील रत्ने काढून ती कागदात गुंडाळावयाची व पोपच्या वस्त्रांच्या अस्तरात शिवावयाची. आणि उरलेले सोने आटवावयाचे, अशी आज्ञा झाली. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते सोने सुमारे दोनशे रतल होते. त्या वेळचा रोमन रतल धरला तर हे वजन आपल्या ५,८०० तोळ्यांच्या घरात जाते. किल्ल्याच्या माथ्यावर त्याने विटांची लहानशी भट्टी रचली, तळाशी पसरट भांड्यासारखा खळगा ठेवला, आणि पेटलेल्या कोळशांवर एकेक डाग टाकू लागला. सोने वितळून निखाऱ्यांतून झिरपत खाली जमा होई. भट्टीकडे लक्ष ठेवता ठेवता तो मध्येच उठून तोफही डागीत असे.

आमच्या पेशातील मनुष्याने हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. जे मुकुट त्याने आटविले ते कोणा सोनारांनी घडविले होते, हे आज कोणास ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामाची काही दिवसांत लगड झाली, आणि ते करणारा हात त्या युगातील श्रेष्ठ सुवर्णकाराचाच होता.

हा केवळ एका किल्ल्यातील प्रसंग नव्हता. त्याच सम्राटाच्या नावाने समुद्रापलीकडे पेरू देशात गेलेल्या स्पॅनिश टोळीने तेथील इंका राजा अताहुआल्पा यास कैद केले. त्याने सुटकेसाठी खोली भरून सोने देऊ केले, व त्याच्या प्रजेने देवालयांतील व राजवाड्यांतील सोने आणून ओतले. १५३३ साली ते सर्व आटविण्यात आले. सुमारे ६,००० किलो सोन्याच्या लगडी झाल्या. राजाचे प्राण वाचले नाहीत, आणि इंका सोनारांची कलाही वाचली नाही.

राखेतील कण

त्या भट्टीच्या राखेची एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या वाचकांस चटकन समजेल. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन त्यातील कण वेचणारे झारेकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. चेल्लिनीनेही राख तपासली, तेव्हा तीत बाजरीच्या दाण्यांएवढे कण मिळाले, ते सुमारे दीड रतल भरले. घरी परतावयास पैसा नव्हता, म्हणून ते त्याने स्वतःपाशी ठेवले. ही गोष्ट त्याच्या मनास खात राहिली. पुढे पोपची गाठ पडताच त्याने आपण होऊन ती कबूल केली, आणि क्लेमेंटने त्यास क्षमा केली.

क्लेमेंटच्या पदरी त्याचा उत्कर्ष झाला. १५२९ साली रोमच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरण्याचे काम त्यास मिळाले. पोपच्या अंगरख्यासाठी त्याने एक मोठी सुवर्णाची बकलपट्टी घडविली. तीत बसवावयाचा हिरा पूर्वीच्या एका पोपने ३६,००० डुकाटांस घेतला होता. इतर सोनारांनी तो हिरा परमेश्वराच्या छातीवर लावण्याचे नमुने आणले होते. चेल्लिनीने हिरा बरोबर मध्यभागी ठेवून त्याच्यावर परमेश्वरास विराजमान केले, म्हणजे रत्न हेच देवाचे आसन झाले. रत्न झाकले जाऊ नये आणि मूर्तीसही बाधा येऊ नये, हा पेच इतक्या सहजतेने सुटलेला पाहून पोप संतुष्ट झाला व काम त्याच्याकडे आले.

परंतु याच काळात त्याच्या हातून दोन मनुष्यवध घडले. धाकट्या भावास मारणाऱ्या शिपायाचा त्याने सूड घेतला. आणि १५३४ साली पोंपेओ नामक प्रतिस्पर्धी जवाहिऱ्यास रस्त्यात ठार केले. नवा पोप तिसरा पॉल याने कलावंत म्हणून त्यास माफी दिली. आम्ही या कृत्यांचे समर्थन करू इच्छित नाही. हाताच्या गुणामुळे मनुष्याचे अवगुण पुसले जात नाहीत, हे चरित्र लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्यानेही विसरू नये.

चोरीचा आळ

सख्ख्या आईच्या दागिन्यातलेही सोने सोनार सोडीत नाही, अशा अर्थाचे बोल आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. हा कलंक केवळ आपल्याच वाट्यास आला असे नव्हे. १५३८ साली चेल्लिनीस अटक झाली. वेढ्याच्या वेळी पोपची ८०,००० डुकाटांची रत्ने त्याने लांबविली, असा आळ त्याच्यावर होता. ही कागाळी त्याच्याच दुकानातील एका कारागिराने केली असे तो सांगतो. ज्या किल्ल्यात त्याने ते सोने आटविले, त्याच किल्ल्यात तो बंदिवान झाला.

त्याने आपली बाजू मांडली ती सोनारालाच शोभेल अशी. धर्मपीठाच्या वह्या काढा, प्रत्येक रत्नाची नोंद तेथे आहे, ती ताडून पाहा, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या वृत्तांताप्रमाणे वह्या ताडल्या गेल्या व काहीही उणे निघाले नाही. तरीही सुटका झाली नाही. तेव्हा त्याने आपले कसब निराळ्या कामी लाविले. दरवाजाच्या लोखंडी पट्ट्यांचे खिळे तो एकेक करून काढी आणि त्यांच्या जागी मेणाची, गंजलेल्या लोखंडासारखी दिसणारी खोटी डोकी बसवी. पहारेकऱ्यांस काही कळले नाही. एके रात्री चादरींच्या पट्ट्या बांधून तो तटावरून उतरला. शेवटच्या भिंतीवरून पडून त्याचा पाय मोडला, तरी तो रांगत शहरात गेला. पुन्हा पकडला गेला, अंधारकोठडीत टाकला गेला, आणि १५३९ च्या अखेरीस फ्रान्सच्या राजाच्या नावाने कार्डिनल इप्पोलितो देस्ते याने रदबदली केली, तेव्हा त्याची मुक्तता झाली.

राजाचे मीठपात्र

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा कलेचा मोठा भोक्ता होता. त्याने चेल्लिनीस राहण्यास व काम करण्यास पॅरिसमधील एक वाडाच दिला, आणि पूर्वी लिओनार्दो द व्हिंचीस देत असे तेवढे वेतन लावून दिले. चेल्लिनीपाशी एका मीठपात्राचा मेणाचा नमुना होता. कार्डिनल इप्पोलितो याने तो पाहून हे काम पुरे होणार नाही म्हणून सोडून दिले होते. राजाने नमुना पाहिला आणि एक हजार सोन्याची नाणी मोजून देण्याची आज्ञा केली. ती टोपलीत घालून चेल्लिनी संध्याकाळी घरी निघाला असता चार चोरांनी त्यास गाठले. टोपली सांभाळीत, तलवार चालवीत तो घरापर्यंत पोहोचला, आणि त्यातील एकही नाणे गेले नाही.

१५४३ साली ते पात्र तयार झाले. ते सुमारे २६ सेंटिमीटर उंच आहे. सागराचा देव आणि पृथ्वीदेवी समोरासमोर बसलेली आहेत, व समुद्राचे फाटे जमिनीत शिरावेत तसे त्यांचे पाय एकमेकांत गुंतलेले आहेत. समुद्रातून मीठ येते म्हणून सागराच्या बाजूस मिठासाठी लहानसे जहाज. जमिनीतून मिरी उगवते म्हणून पृथ्वीच्या बाजूस मिरीसाठी देवळी. खाली काळ्या आबनुसाच्या बैठकीवर दिवस, रात्र, पहाट व सायंकाळ यांच्या मूर्ती आहेत. तळाशी हस्तिदंती गोळ्या बसविल्यामुळे ते जेवणाच्या मेजावर सहज सरकविता येई. यातील विशेष असा की या मूर्ती ओतीव नाहीत. सोन्याचा पत्रा हातोडीने ठोकून, पुनःपुन्हा तापवून, आतून उठाव देत देत त्या उभ्या केल्या आहेत, आणि वर रंगीत मिना चढविला आहे. ठोकणीचे काम करणाऱ्या हातांस याची कठिणाई निराळी सांगावयास नको.

पर्सियसची ओतणी

दरबारातील हेवेदाव्यांस कंटाळून १५४५ साली तो फ्लॉरेन्सला परतला. ड्यूक कोसिमो द मेदिची याने त्याच्याकडून पर्सियस या वीराची भव्य कांस्यमूर्ती करवून घेण्याचे ठरविले. सोनाराने दागिने करावेत, मोठी मूर्ती त्यास झेपणार नाही, असे बोलणारे पुष्कळ होते. विशेष म्हणजे त्याचा मोठा प्रतिस्पर्धी शिल्पकार बांदिनेल्ली हा स्वतः एका सोनाराचाच पुत्र होता.

ओतणीच्या दिवशी चेल्लिनी तापाने फणफणला. बाहेर वादळ व पाऊस, आत छपरास आग लागण्याची भीती, आणि अशातच भट्टीतील धातू घट्ट होऊ लागल्याची वार्ता आली. तो अंथरुणातून उठला, ओकची वाळलेली लाकडे आणवून जाळ वाढविला, आणि घरातील कथलाच्या मिश्रधातूची सुमारे दोनशे ताटे व वाट्या भट्टीत टाकल्या. धातू वाहू लागला व साचा भरला. २७ एप्रिल १५५४ रोजी ती मूर्ती फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात सर्वांपुढे उघडी झाली, आणि आजही ती तेथेच उभी आहे.

हातोडीनंतर लेखणी

उतारवय सुखाचे गेले नाही. ड्यूककडील येणे रखडले, भांडणे सुटली नाहीत, आणि १५५७ साली अनैतिक वर्तनाबद्दल शिक्षा होऊन त्यास घरात स्थानबद्ध व्हावे लागले. पुढच्या वर्षी त्याने आत्मचरित्र आरंभिले. स्वतः हाताने काम करीत तो बोलत जाई आणि चौदा वर्षांचा एक मुलगा ते लिहून घेई. ते पुस्तक १७२८ साली छापले गेले, आणि जर्मन महाकवी गटे याने त्याचे भाषांतर केले.

परंतु आमच्या मते त्याहून मोलाचे त्याचे दुसरे पुस्तक आहे. १५६८ साली त्याने सुवर्णकला व शिल्पकला यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केले. मिना कसा भरावा, तारकाम कसे झाळावे, रत्न कोंदणात कसे बसवावे, त्याखाली डाक कोणता लावावा, मुलामा कसा चढवावा, हे सर्व त्याने उघडपणे लिहिले. ज्या विद्या बाप मुलास कानात सांगे, त्या त्याने परक्यांसही दिल्या. १३ फेब्रुवारी १५७१ रोजी फ्लॉरेन्स येथे त्याचा अंत झाला.

काय उरले

ज्याने पोपांचे मुकुट आटविले त्याच्या स्वतःच्या सुवर्णकामांचे काय झाले? बहुतेक सर्व मुशीत गेली. ती हिऱ्याची बकलपट्टी अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली. १७९७ साली नेपोलियनची खंडणी भागविण्यासाठी तीही आटविण्यात आली. ती कशी होती हे आज आपणांस ठाऊक आहे त्याचे कारण एवढेच, की आटविण्यापूर्वी अठराव्या शतकात कोणी तिची रंगीत चित्रे काढून ठेविली होती. ती चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत.

मीठपात्र मात्र वाचले, तेही योगायोगाने. १५७० साली फ्रान्सच्या राजाने ते ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकला नजर केले, आणि फ्रान्सच्या खजिन्यातून ते बाहेर पडले. पुढे ते व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आले. ११ मे २००३ रोजी तेथून त्याची चोरी झाली, आणि जानेवारी २००६ मध्ये ऑस्ट्रियातील एका जंगलात शिशाच्या पेटीत पुरलेले ते सापडले. चोरानेही ते आटविले नाही. कारण त्यातील सोन्याहून त्यावरील घडणीचे मोल कितीतरी पट अधिक आहे, हे त्यासही ठाऊक होते. फ्लॉरेन्सच्या ज्या जुन्या पुलावर सोनारांची दुकाने आहेत, तेथे १९०१ साली चेल्लिनीचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्याच्या पायाशी आजही आपले व्यवसायबंधू दागिने विकीत असतात.

आता आपल्या घराकडे वळू. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा कितीतरी कारागिरांनी ऐरण गुंडाळून ठेविली. पुढे नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. परंतु जे हात थांबले त्यांच्याबरोबर काही घडणीही थांबल्या त्या थांबल्याच. आणि जे घडलेले होते ते आपणच आटविले. आमच्या आजीची एक वज्रटीक होती. घरातील लग्नाच्या वेळी ती मोडीत घातली गेली. ती मुशीत टाकणारे हात आमचेच होते. वजन आम्ही तंतोतंत लिहून ठेविले; घडण कशी होती ते मात्र कोणी कागदावर उतरविले नाही. आज ती तशी करू म्हटले तर आमच्या आठवणीत मणी किती होते हेही नाही.

दागिना कधीच आटवू नये असे आम्ही म्हणणार नाही. अडीअडचणीस उपयोगी पडतो म्हणून तर सोने घरात ठेवावयाचे, आणि ग्राहकाचा माल परत करणे हा आपला धर्मच आहे. परंतु मुशीत टाकण्यापूर्वी त्याचे चित्र वा छायाचित्र घ्यावे, घडणीचे नाव लिहावे, कोणी घडविला ते ठाऊक असल्यास तेही नोंदवावे. घरात वृद्ध कारागीर असतील त्यांच्यापाशी मुलांनी वही घेऊन बसावे, आणि चेल्लिनीपाशी तो मुलगा बसे तसे ऐकून लिहावे. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत अशा दोन-चार घडणींची चित्रे आली, तर हा लेख लिहिल्याचे आम्हांस सार्थक वाटेल. सोन्याची काळजी सारे जग घेते. घडणीची काळजी मात्र आपण सोनारांनीच घ्यावयाची आहे.